स्टेशनबाहेरचं जुनं इंजिन आणि लाकडी डबा: रंगाचा डबा उघडायच्या आधी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गावच्या स्टेशनच्या आवारात नॅरो गेजचं, म्हणजे अरुंद रुळांवरचं, एक वाफेचं इंजिन आणि एक लाकडी प्रवासी डबा चौथऱ्यावर उघड्यावरच उभा आहे, दोन-तीन वर्षांनी कोणीतरी येऊन काळा-लाल रंग मारून जातं आणि तरी पावसाळा सरला की गंजाचे ओघळ दिसायला लागतात. आता तुमच्या ग्रुपने वर्गणी काढलीय आणि तुम्ही विचारताय की सँडब्लास्टिंग करून, म्हणजे वाळूचा जोरात मारा करून जुना रंग-गंज उडवून, एकदाच काय तो भारीतला इपॉक्सी रंग मारून टाकावा का, आणि पुढेमागे इंजिन चालू करता येईल का.

माझी नोकरी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये झाली, आधी डब्यांच्या बाजूला आणि मग स्टीम होतं तोवर बॉयलर शॉपला. रिटायर झाल्यापासून म्युझियममधल्या आणि स्टेशनांबाहेरच्या जुन्या गाड्यांच्या कामाला बोलावतात तिथे जातो. त्यामुळे जे सांगतोय ते हाताखालून गेलेल्या कामावरून सांगतोय.

पहिली गोष्ट, तुमची अडचण रंगाची नाहीये, पाण्याची आहे. ओघळ नेमके कुठून सुरू होतात ते जरा जवळ जाऊन बघा. पत्र्याच्या मधोमध गंज फुलला असेल तर रंग खराब होता असं म्हणता येईल, पण ओघळ जर रिव्हेटच्या डोक्याखालून, दोन पत्र्यांच्या सांध्यातून किंवा बॉयलरवरच्या आवरणाच्या खालच्या कडेतून येत असेल तर पाणी आत बसलंय आणि गंज आतून बाहेर येतोय, मग वरून तुम्ही कितीही महागाचा रंग मारा, पुढच्या श्रावणात ओघळ परत त्याच जागी येणार. उलट घट्ट रंगाने आतलं पाणी कोंडून राहतं आणि पत्रा जास्तच लवकर जातो.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या इथून मला सांगता येणार नाहीत. तुमचं गाव कोकणात असेल तर खारी हवा आणि चार महिन्यांची झड, विदर्भात असेल तर पाऊस कमी पण उन्हाने सागाच्या फळ्या वाळून चिरा पडतात, दोन्हीकडची कामं वेगळी. इंजिन बंद करताना बॉयलर रिकामा केला होता का, आतली राख काढली होती का, यावर बरंच ठरतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काम झाल्यावर दर महिन्याला कोण येणार आहे. हे ठरलेलं नसेल तर मी जरा वेगळा सल्ला देईन, तो पुढे येईल.

इंजिनापासून सुरू करू. सगळ्यात आधी पुढचं गोल दार उघडा, स्मोकबॉक्सचं, म्हणजे चिमणीखाली धूर जमतो त्या पेटीचं. बहुतेक ठिकाणी तिथे शेवटच्या फेरीची राख तशीच असते. दगडी कोळशात गंधक असतं, ते राखेत उतरतं, आणि चिमणीतून पावसाचं पाणी त्या राखेवर पडलं की तिथे चक्क पातळ आम्ल तयार होतं, ते वर्षानुवर्षं तळाचा पत्रा खात बसतं. बाहेरून रंग चकाचक असतो. हलक्या हातोडीने खालून वर टकटक करत जा, चांगला पत्रा ठणकन वाजतो आणि खाल्लेला बद्द आवाज देतो, काही ठिकाणी तर हातोडी आरपार जाते म्हणून जोरात मारू नका. आतली ओली राख आणि पापुद्रे खरवडून काढा, हातमोजे आणि मास्क घालूनच, कोरडं करा, आणि मग चिमणीवर झाकण बसवा.

झाकण म्हणजे चिमणीचं तोंड गच्च बंद करायचं नाही. चिमणीपेक्षा जरा मोठी पत्र्याची चकती, कडा खाली वळवलेली, तीन पायांवर इंचभर वर उचललेली आणि मधल्या फटीला बारीक जाळी, म्हणजे पाऊस आत जात नाही, पक्षी घरटं करत नाहीत आणि हवा मात्र खेळती राहते. चकती काळी रंगवली तर खालून बघणाऱ्याला दिसतही नाही. मागचं फायरबॉक्सचं, म्हणजे कोळसा जळतो त्या भट्टीचं, दार किंचित उघडं ठेवून जाळी लावा. इंजिनाची रचनाच अशी असते की हवा फायरबॉक्समधून शिरते, बॉयलरमधल्या ट्यूबमधून स्मोकबॉक्समध्ये येते आणि चिमणीतून वर जाते. आग नसली तरी दिवसाच्या उन्हाने हवेची ती ओढ थोडी थोडी चालू राहते आणि आतला भाग आपोआप कोरडा होतो. एक सांगून ठेवतो, फायरबॉक्समध्ये डोकं किंवा हात घालायच्या आधी बॅटरी मारून नीट बघा, साप आणि गांधीलमाश्यांची पोळी मी तिथे पाहिलीत.

मग बॉयलर. फायरबॉक्सच्या खालच्या कोपऱ्यांत वॉशआउट प्लग, म्हणजे बॉयलर धुवायच्या भोकांची बुचं, असतात, ते शक्य असेल तर काढून आत पाणी साठलंय का बघा. निघाले तर काढूनच ठेवा आणि भोकाला जाळी लावा. ते पितळी असतील तर चोर त्यांच्या मागावर असतात, म्हणून प्रत्येकाला चिठ्ठी बांधून, कुठला कुठे ते लिहून, कुलपात ठेवा. नंबर प्लेट आणि कंपनीची प्लेट पितळी असेल तर तीही आत घ्या आणि बाहेर नक्कल लावा. टेंडर, म्हणजे मागची कोळसा-पाण्याची गाडी, किंवा बाजूच्या टाक्या असतील तर त्यांचे तळ, राखेचा ॲशपॅन, फ्रेमच्या मधल्या आडव्या पट्ट्या, ड्रायव्हर उभा राहतो त्या कॅबच्या फुटप्लेटखाली, या सगळ्या जागी पानं-माती बसून पाणी निघायची भोकं बुजलेली असतात. ती भोकं मोकळी करणं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी काम आहे, आणि तेच कोणी करत नाही कारण फोटोत दिसत नाही.

इथे एक धोक्याची गोष्ट, ही नीट वाचा. बॉयलरच्या पिंपाभोवती जो बाहेरचा पातळ पत्रा दिसतो त्याच्या आत उष्णता टिकवायला लॅगिंग भरलेलं असतं आणि जुन्या इंजिनांत ते बऱ्याचदा ॲस्बेस्टॉसचं असतं. तो पत्रा हौसेने उघडू नका. फाटला असेल आणि आतून पांढरं-करडं तंतूसारखं काही लोंबत असेल तर हात न लावता त्या जागी लोकांना जाऊ देऊ नका, रेल्वेला कळवा, नमुना तपासून घ्या आणि काढायचंच झालं तर ज्यांचं ते काम आहे त्यांच्याकडूनच काढा. ते तंतू फुप्फुसात गेले की त्रास कित्येक वर्षांनी दिसतो. तुमच्या ग्रुपमध्ये कॉलेजची मुलं आहेत म्हणून मुद्दाम लिहितोय. जुन्या रंगाच्या थरांत शिसंही असतं, त्यामुळे कोरडं घासून धूळ उडवायची नाही, ओलं करून घासायचं.

आता सँडब्लास्टिंग. माझं स्पष्ट उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि कारण नुसतं ॲस्बेस्टॉस नाही. वाळूचे कण ॲक्सल बॉक्समध्ये, साइड रॉडच्या, म्हणजे चाकं एकमेकांना जोडणाऱ्या दांड्यांच्या, बेअरिंगमध्ये, सिलिंडरच्या ग्लँडमध्ये घुसतात आणि ते पूर्ण उघडल्याशिवाय परत निघत नाहीत. पातळ पत्रा वाकतो. लाकडाला तर लावूच नये, सागाची मऊ रेष खाल्ली जाते आणि फळी खरबरीत होऊन बसते. शिवाय सिलिकाची धूळ मारणाऱ्याच्या छातीत जाते. आणि यापेक्षाही माझ्या जिवाला लागणारी गोष्ट म्हणजे पाच मिनिटांत सगळा इतिहास उडून जातो.

इतिहास म्हणजे काय ते सांगतो. एका जुन्या डब्याच्या दाराशेजारी आम्ही बोटभर रुंदीची पट्टी बारीक वॉटर पेपरने ओली करून घासत गेलो, पायऱ्या-पायऱ्यांनी, म्हणजे प्रत्येक थर थोडा थोडा उघडा राहील असं. वरचा तपकिरी, त्याखाली लाल, त्याखाली अजून एक वेगळा लाल, आणि त्या थरावर पिवळ्या रंगात तीन उभ्या रेघा निघाल्या. थर्ड क्लास. भारतात थर्ड क्लास १९७४ साली बंद झाला, म्हणजे त्यावरचे सगळे रंग त्यानंतरचे आणि तो खालचा लाल त्याआधीचा, आणि डब्यात तोवर कोण बसत होतं तेही कळलं. हे कुठल्या कागदात नव्हतं, दारावर होतं. तसंच इंजिनाच्या साइड रॉडवर, कनेक्टिंग रॉडवर, व्हॉल्व्ह गिअरच्या तुकड्यांवर इंजिनाचा नंबर ठोकलेला असतो. इंजिनांच्या शेडमध्ये एकाचा पार्ट काढून दुसऱ्याला लावायचे, त्यामुळे एकाच इंजिनावर दोन-तीन नंबर सापडतात आणि त्याची कोणाकोणाशी अदलाबदल झाली ते कळतं. म्हणून आधी फोटो, शेजारी पट्टी ठेवून, मग वहीत नोंद, मग घासणं.

आणि काय टाकाऊ आणि काय मोलाचं हे वरवर बघून कळत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात पटियाला संस्थानची मोनोरेल आहे, १९०७ ची, एका रुळावर चालणारी आणि तोल सांभाळायला बाजूला रस्त्यावरून पळणारं मोठं चाक असलेली. १९२७ मध्ये ती बंद पडली आणि १९६२ मध्ये माइक सॅटो या अभ्यासकाला ती पटियालाच्या पीडब्ल्यूडीच्या भंगारात सापडली, मग अमृतसरच्या रेल्वे वर्कशॉपने तिला परत चालती केली. मधल्या काळात कोणी ती वजनावर विकली असती तर कोणाला पत्ताही लागला नसता. तिथेच आपल्या माथेरानच्या गाडीचं ७३९ नंबरचं इंजिन आहे, जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेलचं. लोक पुढे उभं राहून फोटो काढतात पण त्याची खरी करामत खाली चाकांत आहे. टोकाच्या चाकांचा ॲक्सल पोकळ नळीसारखा, आत दुसरा भरीव ॲक्सल आणि दोघांना जोडणारा गोळा, त्यामुळे घाटातल्या अगदी आवळलेल्या वळणावर ती चाकं जरा बाजूला सरकतात आणि वळतात. अशा भागात ग्रीसऐवजी रंग ओतला की बघणाऱ्याला काय बघायचं तेच उरत नाही.

यावरून चकाकणाऱ्या भागांचं. साइड रॉड, क्रॉसहेड हे भाग कामात असताना उघड्या पोलादाचे, तेलाने पुसलेले असायचे. स्टेशनांबाहेर त्यांना चंदेरी रंग मारलेला दिसतो आणि जाणकार लोक नावं ठेवतात. मी सरसकट नावं ठेवणार नाही. दर महिन्याला तेलाचं फडकं फिरवणारी माणसं तुमच्याकडे खरोखर असतील तर रंग काढून तेल-ग्रीस किंवा मेणाचा थर द्या, फार देखणं दिसतं. नसतील तर रंगच राहू द्या, पोलाद उघडं करून सोडून देणं सगळ्यात वाईट.

रंग कुठला तर मी साधा अल्किड इनॅमल, म्हणजे ऑइल पेंटच सांगेन. हाताने स्क्रेपर आणि वायर ब्रशने सुटलेला गंज काढायचा, पुसून कोरडं करायचं, झिंक फॉस्फेट प्रायमर, त्यावर इनॅमलचे दोन हात. इपॉक्सी चांगला असतो पण त्याला खाली एकदम स्वच्छ धातू लागतो, जुन्या पापुद्र्यांवर मारला तर सालीसारखा सुटतो, उन्हात त्याची पांढरी भुकटी होते म्हणून वर अजून एक वेगळा कोट लागतो, आणि पुढच्या वर्षी एवढ्याशा जागेवर टचअप करायचं तर जमत नाही. तुम्हाला दरवर्षी थोडं थोडं करता येईल असाच रंग हवा. काम दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर, आणि सकाळचं दव वाळल्याशिवाय ब्रश लावायचा नाही.

आता डबा. खरं सांगू का, इंजिनापेक्षा मला तुमच्या डब्याची जास्त काळजी वाटते. इंजिन दुर्लक्षात वीस-तीस वर्षं काढतं, लाकडी डबा पाच-सात पावसाळ्यांत बसतो. आणि इंजिनाभोवती गर्दी असते म्हणून डब्याकडे कोणी बघत नाही, आपली आजी-आजोबा माणसं प्रवास डब्यातूनच करत होती तरीही. दिल्लीच्या त्याच संग्रहालयात १८७५ चा प्रिन्स ऑफ वेल्सचा सलून, म्हणजे खास शाही डबा, आहे, १८८६ चा बडोद्याच्या गायकवाडांचा आहे, १८९९ चा म्हैसूरच्या महाराजांचा आहे. राजांचे सलून जपले गेले, ते जपलेच पाहिजेत, पण साध्या थर्ड क्लासचे लाकडी डबे हजारोंनी होते आणि आज हाताच्या बोटांवर मोजावे लागतात. तुमच्याकडचा डबा साधा असेल तर तो त्यामुळेच दुर्मिळ आहे.

डब्यात पाणी वरून येतं. छत म्हणजे फळ्या आणि त्यावर रंगात बसवलेला कॅनव्हास. कॅनव्हासला चीर गेली की पाणी फळीतून कमानीच्या लाकडात आणि तिथून खांबात उतरतं, आणि खांब तळाशी, म्हणजे जिथे तो डब्याच्या खालच्या सांगाड्यावर, अंडरफ्रेमवर, टेकतो, तिथे कुजतो. वरून खांब ठणठणीत दिसतो. दाराच्या खांबाच्या तळाला बारीक पेचकस टोचून बघा, लाकूड चांगलं असेल तर रुतणार नाही. दुसरी जागा खिडकीखालची. काच किंवा लाकडी झडप खाली जाते ती दोन भिंतींमधल्या पोकळीत जाते, पाऊसही तिथेच जातो, आणि त्या पोकळीच्या तळाला पाणी जायला मुद्दाम भोकं ठेवलेली असतात. बिड्यांची थोटकं, तिकिटं, धूळ यांनी ती कधीचीच बुजलेली असतात. आतली फळी उघडून ती साफ केली की निम्मं कुजणं थांबतं, आणि जी तिकिटं निघतील ती फेकू नका, पाकिटात घालून तारीख लिहून ठेवा.

डब्यावर ताडपत्री किंवा प्लॅस्टिक गुंडाळून ठेवायची कल्पना कोणीतरी नक्की मांडेल. नको. आत घाम धरतो आणि वाळवीला आवडेल अशी दमट जागा तयार होते. तसंच कुजलेल्या फळ्यांवर वरून प्लायवूड किंवा पत्रा ठोकून रंग मारणंही नको, आत काय चाललंय ते दिसेनासं होतं.

म्हणून वर्गणीचे पैसे कशात घालायचे याचं माझं उत्तर: शेड. चारही बाजूंनी उघडी, उंच, छपराच्या कडा दोन्ही बाजूंना चांगल्या पुढे आलेल्या, पाणी पन्हळीने लांब नेलेलं. रंगाला जेवढे पैसे जातात त्यापेक्षा जास्त लागतील, पण रंग दर दोन वर्षांनी आणि शेड एकदा. ऊन आणि पाऊस दोन्ही थांबले की बाकी सगळं काम सावकाश, शिकत शिकत करता येतं. पैसे कमी पडत असतील तर आधी फक्त डब्यावर शेड करा, इंजिनाला चिमणीचं झाकण आणि मोकळी भोकं पुरतील.

आता चालू करण्याचं. याची ओढ मला कळते, वाफेवर काम केलेल्या माणसाला ती जास्तच असते. आणि अशक्य नाहीये. १८५५ चं फेअरी क्वीन नावाचं इंजिन घ्या, ती १९०९ मध्ये सेवेतून निघाली, नंतर कित्येक वर्षं हावडा स्टेशनबाहेर तुमच्या इंजिनासारखीच चौथऱ्यावर उभी होती, आणि तरीही १९९७ मध्ये दिल्ली ते अलवर पर्यटकांना घेऊन धावली. पण त्यामागे अख्खी रेल्वे उभी होती, शेड, वर्कशॉप, वाफेवर शिकलेले फिटर. इंग्लंडमधल्या फ्लाइंग स्कॉट्समन या वाफेच्या इंजिनाच्या एका मोठ्या दुरुस्तीला सुमारे दहा वर्षं आणि ४२ लाख पौंड लागले, २०१६ मध्ये ते पुन्हा रुळावर आलं. तिथे तर हे काम रोज करणारी माणसं आहेत.

सगळी गोष्ट बॉयलरशी येऊन थांबते. फायरबॉक्सच्या आतल्या आणि बाहेरच्या भिंतींना धरून ठेवणारे शेकडो स्टे असतात, पाण्याच्या बाजूने ते कुठे झिजलेत ते बाहेरून दिसत नाही, पत्र्याची जाडी अल्ट्रासॉनिकने मोजावी लागते, ट्यूब बहुधा सगळ्या बदलाव्या लागतात, मग थंड पाण्याने दाबाची टेस्ट आणि मग वाफ. पाण्याने टेस्ट करतात कारण पाणी दाबलं जात नाही, काही फुटलं तर नुसती धार येते. वाफेत आणि दाबलेल्या हवेत शक्ती साठलेली असते. १९९५ च्या जूनमध्ये अमेरिकेत गेटिसबर्ग रेलरोडवर पर्यटकांची गाडी ओढणाऱ्या इंजिनात पाणी कमी झालं, फायरबॉक्सचं छत तापून खचलं आणि कॅबमधले तिघे भाजले. चांगलं धावतं इंजिन होतं ते, देखभाल ढिली पडली होती. म्हणून कोणी वेल्डर म्हणाला की कॉम्प्रेसर लावून बॉयलरमध्ये हवा भरू आणि चाकं फिरवून दाखवू, तर त्याला हात जोडून परत पाठवा. चाकं फिरवायचीच असतील तर बॉयलर पूर्ण वगळून, वेगळ्या तपासलेल्या टाकीतून अगदी कमी दाबाने थेट सिलिंडरला हवा देता येते, पण तेही माहीतगार मेकॅनिकल इंजिनिअर उभा असताना.

शिवाय चालू करायचं म्हणजे झिजलेलं सगळं बदलायचं, म्हणजे जुना तांब्याचा फायरबॉक्स, जुने स्टे, जुन्या ट्यूब निघून जाणार. तुमचं इंजिन त्या जातीचं शेवटचं असेल तर मी म्हणेन तसंच राहू द्या. धावतं वाफेचं इंजिन बघायचं असेल तर हरियाणात रेवाडीची १८९३ ची शेड आहे, तिथे अकबर, आझाद ही डब्ल्यूपी जातीची वाफेची इंजिनं आहेत, मुलांना तिथे घेऊन जा. आणि नॅरो गेज जवळून समजून घ्यायचं तर नागपूरला मोतीबागेचं संग्रहालय आहे, ते तुम्हाला दिल्लीपेक्षा जवळ आणि तुमच्या कामाला जास्त उपयोगी, तिथल्या माणसांशी बोला.

परवानगीचं राहिलं. इंजिन रेल्वेचं आहे, स्टेशन मास्तरने तोंडी हो म्हटलं तरी ब्रश लावू नका. डीआरएम, म्हणजे विभागीय रेल्वे व्यवस्थापकाच्या ऑफिसला अर्ज करा, मेकॅनिकल डिपार्टमेंटचा माणूस एकदा बघायला मागा, आणि लेखी घ्या. अर्जात रंगरंगोटी असा शब्द न लिहिता तपासणी, नोंद, पाण्याचा निचरा आणि शेड असं लिहा, उत्तर वेगळं येतं असा माझा अनुभव आहे.

तर क्रम असा लावा: लेखी परवानगी, फोटो आणि वही, निचऱ्याची भोकं आणि चिमणीचं झाकण, शेड, मग डब्याचं छत, आणि रंग सगळ्यात शेवटी. पहिल्या वर्षी झाकणापर्यंत पोचलात तरी पुष्कळ झालं.

तोवर चार फोटो टाका: स्मोकबॉक्सचा तळ आतून, साइड रॉडवर ठोकलेला नंबर, डब्याच्या दाराच्या खांबाचा तळ आणि छताचा वरून एक. ते बघून शेडसाठी थांबता येईल की डब्याला आधी टेकू द्यावा लागेल ते सांगतो.